साखळीवरची पहिली जागा

चप्पल पायातून निघून गेली आणि मिचियोला ते कळलंच नाही. शनिवारची दुपार होती. अर्ध्या दिवसाची पाळी संपवून ती तेनमोनकानच्या बाजाराकडे निघाली होती, आलं आणि मुळा घ्यायचा एवढंच डोक्यात होतं, आणि मागून कुणीतरी धावत आलं. "अहो बाई! अहो, चप्पल तुमची!" मोज्यांच्या दुकानातली बाई होती. तिच्या हातात मिचियोची तपकिरी चप्पल. मिचियोनं खाली पाहिलं. उजव्या पायात नुसता मोजा होता आणि तळाला ज्वालामुखीची राख लागून तो पार करडा झाला होता. म्हणजे ट्रामचा रस्ता आपण असाच ओलांडला. त्या बाईनं स्वतः वाकून चप्पल तिच्या पायापुढे सरळ करून ठेवली, म्हणाली, "दिवसभर उभं राहिलं की पाय असेच होतात हो," आणि गेलीसुद्धा. मिचियो तिच्या पाठीला दोनदा वाकून धन्यवाद म्हणाली. मग तिनं पाय चपलेत सरकवला. तो आत गेला की नाही, हे तिला डोळ्यांनी बघून ठरवावं लागलं.

तिथल्या तिथे थांबून तिनं बोटं हलवून पाहिली. हलत होती, पण ती दुसऱ्या कुणाची असावीत आणि आपण नुसतं बघत असावं तसं वाटत होतं. थकवा असेल, ती मनाशी म्हणाली. शहराबाहेरच्या कोंबडीच्या कारखान्यात ती एकोणीस वर्षं काम करत होती. ओल्या फरशीवर, पांढऱ्या गमबुटांत. यंत्र कोंबडीचं पोट उघडून आतडी बाहेर काढी, मग त्या कोंबड्या साखळीला उलट्या टांगलेल्या समोरून येत, आणि आत जे उरलेलं असेल ते मिचियोनं आणि तिच्या शेजारच्या फुकुदोमे-सान यांनी हातानं ओढून काढायचं. तीन सेकंदांना एक कोंबडी. साखळी कुणासाठी थांबत नसे. पंधरवड्यापूर्वी तिचं पोट बिघडलं होतं, चांगलं चार दिवस, ताप आणि रक्ताचे जुलाब. पण त्याचं काय एवढं? कारखान्यात नवीन लागलेल्या प्रत्येकाचं पहिल्या महिन्यात पोट जातं, मग शरीर सरावतं. फुकुदोमे-सान तेव्हा हसल्या होत्या. "एकोणीस वर्षांनी पुन्हा नवी नवरी झालीस की गं मिचियो-चान!" मिचियोही हसली होती आणि गोळ्या घेऊन पाचव्या दिवशी कामावर हजर झाली होती.

त्या संध्याकाळी आलं किसता येईना. दर शनिवारी तिचा नवरा एत्सुरो टॅक्सी लावून येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून कापून खायला कच्च्या कोंबडीचा तुकडा आणायचा, वरून नुसता भाजलेला, आत गुलाबी. गोडसर सोयासॉस, किसलेलं आलं आणि रताळ्याच्या दारूचा एक पेला. इथं सगळेच खातात. एकटी मिचियो तेवढी खात नसे. एत्सुरोनं तिच्या हातातून किसणी घेतली आणि काही न बोलता स्वतःच आलं किसलं. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून त्याचे शब्द संपत, घरी आणायला उरत नसत. बावीस वर्षांत तिला त्याची सवय झाली होती. रविवारी बाटलीचं झाकण उघडेना. सोमवारी ती तरीही कामावर गेली.

सकाळी दहाच्या सुमारास तिच्या हातातली, आतड्यांची अडकलेली टोकं कापायची कात्री सुटून खाली पडली. तिनं ती उचलली, धुतली, ती पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा ती वाकली आणि गुडघे तिला परत वर आणीनात. ओल्या फरशीवर, कोंबड्यांच्या रांगेखाली ती बसून राहिली. वरून थेंब पडत होते. आता हिदाका ओरडेल, एवढाच विचार तिच्या मनात आला. हिदाका त्यांचा विभागप्रमुख, तिच्याहून बारा वर्षांनी लहान. पण ओरडल्या त्या फुकुदोमे-सान. भिंतीवर एक लाल बटण होतं, ते दाबलेलं मिचियोनं कधी पाहिलं नव्हतं. फुकुदोमे-सान हातमोज्यांसकट तिकडे गेल्या आणि तळव्यानं ते दाबून उभ्या राहिल्या. साखळी थांबली. इतकी शांतता त्या खोलीत असू शकते हे मिचियोला एकोणीस वर्षांत माहीत नव्हतं.

हिदाकानं कारखान्याच्या गाडीतून त्या दोघींना शहरातल्या इस्पितळात नेलं. तिथं निइरो नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी रबरी हातोडीनं मिचियोच्या गुडघ्यावर टकटक केलं. पाय जागचा हलला नाही. "गेल्या महिन्याभरात पोट बिघडलं होतं का? जुलाब, ताप?" मिचियोनं हिदाकाकडे पाहिलं. तो दाराशी टोपी हातात धरून उभा होता. कारखान्यात काम करणाऱ्या बाईला जुलाब झाले असं कागदावर लिहिलं गेलं तर काय होतं, हे तिला ठाऊक होतं: जंतू नाहीत असं सिद्ध होईपर्यंत घरी बसायचं, आणि मग सगळ्या विभागाची तपासणी, सगळ्यांची तोंडं वाकडी. "नाही," ती म्हणाली. "पोट बरं होतं."

"खोटं बोलतेय ही," फुकुदोमे-सान म्हणाल्या. "पंधरवड्यामागे चार दिवस संडासातून बाहेर नव्हती. रक्त पडत होतं. मला स्वतः सांगितलंय."

"घरी काहीतरी खाल्लं असेल," हिदाका घाईनं म्हणाला. "कच्ची कोंबडी. आपल्याकडे सगळेच खातात, डॉक्टर."

"ही नाही खात. भाजलेली नाही, तळलेली नाही, कच्चीची तर बातच सोडा. कारखान्याच्या वर्धापनदिनाला जो डबा मिळतो ना, त्यातली हिची कोंबडी एकोणीस वर्षं मी खाल्लीय. बदल्यात माझ्या डब्यातली ऑम्लेटची वळी ही खाते. विचारा कुणालाही."

मिचियोला त्या क्षणी फुकुदोमे-सान यांचा राग आला होता, भर बाजारात कुणी पदर ओढावा तसा. नंतर, कितीतरी नंतर, डॉक्टर निइरोंनी तिला सांगितलं की त्या उत्तरामुळे एक अख्खा दिवस वाचला. जुलाबाचं कळलं नसतं तर त्या आधी मणक्याकडे बघत बसल्या असत्या. मिचियोच्या पोटात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू गेला होता, तो कोंबडीच्या आतड्यात सुखानं राहतो. त्याच्याशी लढायला तिच्या शरीरानं जी फौज उभी केली ती लढाई संपल्यावरही शांत झाली नाही, उलटली आणि स्वतःच्याच नसा कुरतडायला लागली. पायांपासून वर, वर. मंगळवारी तिला हात उचलता येईना. बुधवारी सकाळी ती एत्सुरोला काहीतरी सांगत होती आणि वाक्याच्या मधेच श्वास संपला. घशात नळी गेली. पापण्यासुद्धा उघडेनात.

आणि ती आत जागी होती. हे कुणाला कळत नव्हतं, किंवा कळत असेल पण खात्री नव्हती. यंत्र तिच्या छातीत हवा भरत होतं, काढत होतं. ऐकू सगळं येत होतं, त्वचेला आगीसारखी धग लागत होती, नाकाच्या शेंड्याला खाज सुटली तर ती तशीच विझेपर्यंत सोसायची. पहिले दोन दिवस ती नुसती घाबरली होती. मग माएदा नावाची नर्स आली. माएदा दर वेळी हात लावायच्या आधी बोलायची, तिला आडनावानं हाक मारून. "साकोदा-सान, आता तुम्हाला डावीकडे वळवते हं. जरा गार लागेल." मग गार लागायचं. "आता तोंड पुसते." मग ओला कापूस ओठांवर यायचा. बाकीच्या बाया चांगल्या होत्या, पण त्या हात आधी लावत, आणि त्या अंधारात तो हात धाडकन यायचा. माएदाचे शब्द आधी यायचे. आपण मांसाचा गोळा नाही, आपल्याला सांगावं लागतं, असं वाटणारी एक व्यक्ती या इमारतीत आहे, या एका गोष्टीला मिचियो दिवसभर धरून राहायची. आपल्या हातांखालून गेलेल्या कोंबड्यांना आपण कधी काही सांगितलं नाही, असंही एकदा तिच्या मनात आलं, आणि ती मनातल्या मनात हसली, कारण फुकुदोमे-सान यांना हे सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, तीन सेकंदांत काय सांगणार होतीस?

आत पडल्या पडल्या ती आठवत राही. कारखान्यातली पहिली सकाळ. जानेवारी होता, हात धुवायचं पाणी बर्फासारखं, बोटं निळी पडून काही धरता येत नव्हतं. मग समोर पहिली कोंबडी आली आणि तिनं तिच्या पोटात हात घातला, आणि आत ऊब होती. साधीसुधी नव्हे, आंघोळीच्या पाण्यासारखी, अजून जिवंत असल्यासारखी. तिच्या बोटांत रक्त परतलं. तिला इतकं बरं वाटलं की पुढच्या कोंबडीची ती वाट बघायला लागली. संध्याकाळी घरी गेल्यावर ताटात तळलेली कोंबडी होती आणि घास घशाखाली उतरेना. किळस नव्हती ती. जिच्या उबेवर आपण दिवस काढला तिला खायचं कसं, असं काहीतरी होतं, पण ते तिला कुणापुढे मांडता आलं नाही. एत्सुरोला तिनं सांगितलं, वासानं नको होतं. फुकुदोमे-सान यांनी कारणच विचारलं नाही, डबा उघडून तुकडे उचलले आणि अंड्याची वळी पुढे सरकवली. त्याबद्दलही आपण कधी आभार मानले नाहीत. न मानलेले आभार असे एकेक वर येत, आणि ते मानायला तिच्याकडे ओठ नव्हते.

आणि तिला तो दिवसही नेमका आठवत होता. मे महिन्याचा शेवट. यंत्रानंतरची पहिली जागा फुकुदोमे-सान यांची, दुसरी मिचियोची. त्या दिवशी फुकुदोमे-सान यांचं मनगट सुजलं होतं आणि पहिल्या जागेवर जास्त ओढावं लागतं, म्हणून मिचियोच म्हणाली होती, "आज मी उभी राहते तिथं." त्या खेपेतल्या कोंबड्या अंगानं लहान होत्या आणि यंत्र मोठ्यांसाठी लावलेलं होतं, ते आतडी काढायच्या ऐवजी फाडत होतं. वाफेनं फेसशील्डवर धुकं जमायचं, काही दिसायचं नाही, म्हणून सगळ्याजणी ते कपाळावर चढवून ठेवायच्या. मास्क भिजून हनुवटीवर आला होता. एका कोंबडीत हात घातला आणि आतून हिरवट चिळकांडी उडाली, सरळ तोंडात. खारट, कडू. चूळ भरायला नळ होता तो दाराबाहेर, वीस पावलांवर. साखळी चालू होती. तिनं बाहीनं जीभ पुसली, गिळलं आणि पुढची कोंबडी धरली. एवढंच. तिचं आयुष्य त्या तीन सेकंदांत वळलं होतं आणि तेव्हा तिला फक्त एवढंच वाटलं होतं की एक कोंबडी निसटून पुढे गेली.

दुसऱ्या आठवड्यात एकदा एत्सुरो आला आणि नेहमीसारखा गप्प बसला. त्याच्या अंगाला टॅक्सीतल्या सीटचा आणि राखेचा वास येत होता. बऱ्याच वेळानं तो बोलायला लागला, आणि हा कुणाचा आवाज असं मिचियोला क्षणभर वाटलं.

"मिचियो. चिरायची फळी मी टाकून दिली." मग यंत्राचे पाच-सहा श्वास. "तिच्यावर मी माझी कोंबडी कापायचो आणि मग तू तिच्यावरच मुळा चिरायचीस. धुवायचो मी, पण नुसतं पाण्यानं. डॉक्टरांनी विचारलं ना कच्च्या कोंबडीचं, तेव्हाच माझ्या लक्षात आलं. मी केलंय हे. दर शनिवारी एक पेला आणि चार काप, त्याच्यापायी."

तिनं सगळी ताकद पापण्यांशी नेली. तुम्ही नाही, तुम्ही नाही. पापण्या शिवल्यासारख्या. तो उठला, तिच्या कपाळावर हात ठेवला, माएदा सांगायची तसं आधी न सांगता, आणि गेला. चार दिवस तो असा येत राहिला, बसत राहिला, आणि चार दिवस ती ते खरं आपल्या आत धरून पडून राहिली. स्वतःच्या श्वासासाठी ती जितकी तळमळली नव्हती तितकी त्या दोन शब्दांसाठी तळमळली.

रविवारी फुकुदोमे-सान आल्या. एत्सुरो तिथंच होता. त्या आल्या आल्या बोलायला लागल्या, बिछान्याकडे तोंड करून, जणू मिचियो उत्तर देईल. "मिचियो-चान, ऐकतेयस का माहीत नाही, पण ऐक. साकोदा-सान, तुम्हीही ऐका." आणि त्यांनी तो दिवस सांगितला. सुजलेलं मनगट, जागेची अदलाबदल, लहान कोंबड्या, चिळकांडी. "ती चिळकांडी माझ्या वाटणीची होती. मी तिला नळाकडे जा म्हणायला हवं होतं. मी काय म्हटलं माहितेय? 'चव कशी आहे?' म्हटलं. आणि हसले. कामगार कचेरीत मी हे लिहून देणार आहे. हिदाका म्हणाला, लिहा, पण मग तिनं स्वतः फेसशील्ड काढलं होतं हेही लिहावं लागेल. मी म्हटलं, लिहिते की! आम्ही सगळ्याच काढतो, आणि धुकं जमतं, नळ जवळ आणा, हे दोन वर्षं तुझ्या कानीकपाळी ओरडतोय, तेही लिहिते. माझी सही, माझा शिक्का."

एत्सुरो खुर्चीतून उठल्याचा आवाज आला. मिचियोला दिसत नव्हतं, पण बावीस वर्षांच्या सवयीनं तिला कळलं की तो कमरेत वाकला आहे, खूप खाली, आणि बराच वेळ तसाच आहे. आणि तेव्हा तिच्या मिटलेल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. नेमकी माएदा तिथं होती. "साकोदा-सान," ती म्हणाली, "आता डोळे पुसते हं."

ज्या क्रमानं गेलं त्याच्या उलट क्रमानं सगळं परत आलं. आधी पापण्या. मग मान. जुलैच्या अखेरीस गळ्यातल्या नळीला एक लहान झडप बसवली आणि डॉक्टर निइरो म्हणाल्या, "काहीतरी बोलून बघा." एत्सुरो शेजारी उभा होता. तिचा आवाज कागद फाटल्यासारखा निघाला. "फळी... नव्हती. तुम्ही... नव्हता."

"माहितेय," एत्सुरो म्हणाला. "फुकुदोमे-सान बोलल्या ना. चांगली होती गं फळी. अस्सल लाकडाची. उगाच टाकली."

ती हसली. हसण्याचा आवाज झडपेतून शिटीसारखा आला आणि डॉक्टरांनी घाबरून वळून पाहिलं. चमचा धरायला दीड महिना लागला, उभं राहायला अडीच. व्यायाम करून घेणारा माणूस तिला दोन दांड्यांच्या मधे उभं करून म्हणायचा, "आज एक पाऊल जास्त," आणि ते पाऊल पडलं की तिच्याआधी तोच टाळी वाजवायचा. नोव्हेंबरात कामगार कचेरीचं पत्र आलं. आजार कामावरूनच झाला, हे मान्य झालं होतं. पहिल्या जागेच्या अगदी शेजारी आता नळ बसवला आहे आणि कोंबड्यांची खेप बदलली की यंत्र नव्यानं लावतात, असं फुकुदोमे-सान यांनी सांगितलं. स्वतःबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. त्या दर रविवारी येत, गावभरच्या गप्पा सांगत, हिदाकाची नक्कल करत, आणि नेहमी लांब बाह्यांच्या सदऱ्यात असत. म्हातारपणी थंडी जास्त वाजते, म्हणत.

फेब्रुवारीत, घरी आल्यावर महिन्याभरानं, एका रविवारी दुपारी त्या म्हणाल्या, "चल, गरम पाण्यात बसवते तुला. घरातल्या त्या बादलीएवढ्या टबात किती दिवस बुचकळणार?" एत्सुरोनं दोघींना टॅक्सीनं वस्तीतल्या सार्वजनिक स्नानघरापर्यंत सोडलं. दुपार असल्यामुळे आत दोन म्हाताऱ्या तेवढ्या होत्या. उंच खिडक्यांतून उजेड वाफेत उतरत होता. कपडे काढायच्या खोलीत मिचियो काठी टेकवून बसली होती आणि फुकुदोमे-सान यांनी सदरा डोक्यावरून काढला.

त्यांच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून पार दंडापर्यंत, ओरखडे होते. काही ताजे लाल, काही खपली धरलेले, काही पांढरे पडून गेलेले. एकावर एक, शेकड्यांनी. मिचियो बघत राहिली. कारखान्यात अशा रेघा एकाच ठिकाणी काम करणाऱ्यांच्या अंगावर असतात. ट्रकमधून आलेल्या जिवंत कोंबड्या पिंजऱ्यातून ओढून पाय वर करून साखळीला अडकवायच्या, निळ्या अंधुक दिव्याखाली, पिसांच्या आणि विष्ठेच्या धुळीत. नवी धडधाकट माणसं तिथं लावतात आणि तीही तीन महिन्यांत पळून जातात. फुकुदोमे-सान बासष्ट वर्षांच्या होत्या.

"केव्हापासून?" मिचियोनं विचारलं.

"काय केव्हापासून? हे होय? ऑगस्टपासून." कामगार कचेरीतल्या कागदावर त्यांची सही आणि शिक्का जुलैत झाला होता. "माणसं कमी पडतायत म्हणाले."

"मला का नाही सांगितलंत?"

"तेव्हा तू चमच्यानं पेज गिळायला शिकत होतीस. सांगून काय करणार होतीस, ठसका लावून घेणार होतीस? आणि तुला सांगते, तिकडं बरं आहे. कोंबड्या निदान ओरडतात तरी. तुझ्या जागी आलीय ती बाई दिवसभर तोंडच उघडत नाही."

"मास्क?"

"दोन लावते, एकावर एक. शील्ड पण. जेवायच्या आधी कोपरापर्यंत हात धुते, चूळ भरते. तुझ्या नर्सच्या वरताण झालेय मी स्वच्छतेत. चल आता, गारठशील."

आत गेल्यावर फुकुदोमे-सान यांनी तिला बुटक्या स्टुलावर बसवलं, तिचे केस धुतले, पाठ घासली, तांब्यानं पाणी ओतलं, सारखं तोंड चालूच. मिचियोला काही ऐकू येत नव्हतं. आवाज परत आल्यापासून ती धन्यवाद म्हणत आली होती, माएदाला, डॉक्टरांना, टाळ्या वाजवणाऱ्या त्या माणसाला, एत्सुरोला, आणि प्रत्येक वेळी तो शब्द पुरला होता. आता तिनं तो जिभेवर घेऊन पाहिला आणि परत गिळला.

"फिरा," ती म्हणाली.

"अं?"

"पाठ करा माझ्याकडे."

"तुला जमणारेय का? राहू दे गं, उगाच."

"फिरा म्हणते ना."

फुकुदोमे-सान कुरकुरत स्टुलावर फिरल्या. एकोणीस वर्षं खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली ही बाई, पण तिची पाठ मिचियोनं आज पहिल्यांदा पाहिली. रुंद, डाव्या खांद्याकडे झुकलेली, मणके एकेक मोजता येतील अशी. तिनं टॉवेलला साबण लावला. टॉवेल बोटांतून निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा तिनं तो तळव्याभोवती गुंडाळला, टोक अंगठ्याखाली दाबलं आणि मानेपासून घासायला सुरुवात केली.

"मांजर कुरवाळतेयस का? जोर लाव की!"

बोटांत जोर नव्हता, म्हणून ती खांद्यातून रेटायला लागली, अंगाचा सगळा भार पुढे देऊन. फेस झाला. एक बाजू झाली, मग दुसरी. कमरेकडे आल्यावर तिला आणखी खाली वाकवेना, हात तिथंच अडला. फुकुदोमे-सान यांनी मागे वळून पाहिलं नाही, राहू दे म्हटलं नाही. दोन्ही ओरबाडलेले हात गुडघ्यांवर टेकवून त्या हळूच खाली सरकल्या आणि पाठ जरा तिच्याकडे कलती केली, मिचियोचा हात पोचेल एवढी.